सीलबंद गोळ्यांचे नऊ दिवस

माझ्या पत्नीचा चेहरा सुजू लागला तेव्हा लोकांनी तिचे कौतुक केले.

दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. पारनेर तालुक्यात त्या वर्षी भरलेला चेहरा दिसणे हीच एक बातमी होती. आमची जमीन कोरडवाहू. दोन हंगाम बियाणे मातीत गेले ते गेलेच. मी तहसील कचेरीच्या ओसरीवर टेबल मांडून अर्जनवीस म्हणून बसत असे, म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही त्यांची गाऱ्हाणी सरकारला कळतील अशा भाषेत लिहून देत असे. पत्नी सरकारी कामावर, पाझर तलावाच्या खडीवर जात होती. दिवसभर उन्हात बसून दगड फोडायचा आणि दुपारी मजुरांना वाटली जाणारी सुकडी खायची, हा तिचा दिनक्रम.

आधी तिच्या गालांवर तांबडे चट्टे उठले, नाकाच्या दोन्ही बाजूंना सारखे. ते उन्हाने उठले असे आम्ही ठरवले. बोटांचे सांधे सकाळी वळेनासे झाले; ते हातोड्याने. केस मुठीने गळू लागले. ते निकृष्ट अन्नाने. प्रत्येक लक्षणाच्या बाजूने खोटी साक्ष द्यायला त्या वर्षाकडे एकेक साक्षीदार तयार होता, आणि मी, ज्याला साक्षीदार तपासण्याची हौस होती, त्यांतल्या एकालाही उलटा प्रश्न विचारला नाही.

मग चेहरा सुजला. कामावरच्या बाया तिला वकिलीनबाई म्हणत, कारण मी वकील नसून वकिलासारखा बोलतो हे तालुक्याला ठाऊक होते. त्या म्हणू लागल्या की वकिलीनबाईचा नवरा साहेबांना कागद लिहितो आणि साहेब त्याला सुकडीची पोती देतात. ती हे घरी येऊन मला हसत सांगे. "बाया म्हनत्यात, आमाला बी तसला एक कागद लिहून द्या, गाल वर येतील." मी हसलो नाही. त्या बायांविरुद्ध मुकादमाकडे लेखी तक्रार केली. त्यानंतर तिच्या शेजारी कोणी बसेनासे झाले, आणि ती एकटी, सगळ्यांपासून दहा हात लांब, उन्हात खडी फोडू लागली.

माझा संशय रेशनच्या परदेशी ज्वारीवर होता. तिला सगळे मिलो म्हणत. त्या तांबड्या धान्यात काहीतरी विषारी आहे असा माझा निष्कर्ष झाला आणि मी जिल्हाधिकाऱ्यांना, पुरवठा खात्याला आणि आरोग्य अधिकाऱ्यांना मिळून सहा अर्ज केले. उत्तरे आली. अर्ज पोचला, पुढे पाठवला, योग्य ती कार्यवाही होईल. ती उत्तरे मी तारखेप्रमाणे दोऱ्यात ओवून ठेवत होतो. त्याच काळात तिच्या लघवीचा रंग मांस धुतलेल्या पाण्यासारखा झाला होता, आणि हे तिने दोन महिने माझ्यापासून लपवले. का लपवले, असे मी पुढे विचारले तेव्हा ती म्हणाली, तुम्ही ते पण कलेक्टरला लिहिले असते.

मला कळले ते जोडव्यांमुळे. पाय इतके सुजले की जोडवी बोटांच्या मांसात रुतली आणि बोटे काळी पडू लागली. सोनाराकडे नेले तर सोनार कात्री लावायला तयार होईना. सवाष्णीची जोडवी तिच्या पायात असताना कापायची म्हणजे नवऱ्याच्या जिवावर घाला, असे तो म्हणाला. मी तिथेच त्याला लिहून दिले, की हे कृत्य माझ्या सांगण्यावरून होत असून परिणामांची जबाबदारी सर्वस्वी माझी. त्याने कागद खिशात घातला आणि जोडवी कापली. ती रडली. मी तिला सांगितले की यात घाला माझ्यावर आहे, तुला रडण्याचे काही कारण नाही. असे मी बोलत असे.

नगरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. लघवी उकळू लागली तशी ती नळीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी घट्ट झाली. तो तरुण होता, थकलेला होता आणि कामापुरते बोलत होता. त्याने पुण्याला चिठ्ठी दिली आणि एवढेच म्हटले की ज्वारीचा याच्याशी काही संबंध नाही. मी त्याला माझे सहा अर्ज दाखवले. त्याने ते हातात घेतले नाहीत.

पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठीतून सुई घालून तिच्या मूत्रपिंडाचा दोऱ्याएवढा तुकडा काढण्यात आला. रक्तही घेतले. तिथले वयस्क डॉक्टर फार सावकाश बोलत. त्यांनी तिला विचारले की गर्भ पडला होता का. दोन वेळा पडला होता, दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात. माझ्या आईने त्याबद्दल तिला सात वर्षे बोल लावला होता आणि मी आईला कधी थांबवले नव्हते, कारण मला विरुद्ध बाजूचा पुरावा उपलब्ध नव्हता. डॉक्टर म्हणाले की तोही बहुधा याच रोगाचा भाग. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे सासूबाईंना लिहून द्याल का डॉक्टर? कागदावर असलं की खरं असतं आमच्यात."

त्यांनी लिहून दिले नाही. त्यांनी मला प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तिचे रक्त दाखवले. रोगाचे नाव त्यांनी लुपस असे सांगितले. नळीतून मला एक पांढरी पेशी दिसली. तिच्या पोटात जांभळा, गुळगुळीत, एकसारखा गोळा होता, आणि तिचे स्वतःचे केंद्र एका कडेला दाबले जाऊन चपटे झाले होते. मी विचारले, तो गोळा म्हणजे जंतू का. ते म्हणाले, जंतू नव्हे, तिच्याच दुसऱ्या एका पेशीचे केंद्र. या पेशीने ते गिळले आहे.

मी त्यांची उलटतपासणी घेतली. दुसरा शब्द नाही. मी विचारले की या पेशींचे नेमलेले काम काय. त्यांनी सांगितले की रक्षण. त्यांतल्या काही परक्याची ओळख ठरवतात, काही त्या ओळखीप्रमाणे प्रतिद्रव्ये बनवून रक्तात सोडतात, आणि काही, प्रतिद्रव्य जिथे चिकटलेले दिसेल तिथे जाऊन पडतात आणि आपल्याजवळचा दाहक रस ओततात. तुमच्या पत्नीच्या बाबतीत पहिल्या पेशींनी ओळख चुकवली. शरीरातलाच माल त्यांनी परका ठरवला. त्यावर बनलेली प्रतिद्रव्ये त्या मालाला चिकटली, त्यांचा गाळणीत अडकणारा चोथा झाला म्हणा, आणि रक्त गाळणारे अवयव म्हणजे मूत्रपिंडे, म्हणून तो तिथे साठला. मागून आलेल्या पेशींना समोर शिक्का मारलेला माल दिसला. त्यांनी गाळणी जाळायला सुरुवात केली.

"कोणाच्या फिर्यादीवरून?" मी विचारले.

"फिर्याद लागत नाही."

"ओळख चुकली हे लक्षात आल्यावर?"

"लक्षात येत नाही. त्या आपले काम चोख करीत असतात. फार चोख."

"मग दाद कुठे मागायची?"

त्यांनी चष्मा काढला. "दाद नाही, साहेब. गोळ्या आहेत. गोळ्या या पेशींना झोपवतात. रोग जात नाही, पण पहारा ढिला पडतो आणि मूत्रपिंडांना श्वास मिळतो. एकाएकी बंद केल्यात तर त्या जाग्या होतील, आणि शिवाय गोळ्या चालू असताना शरीर स्वतःचे जे तसले द्रव्य बनवायचे थांबलेले असते, तेही मिळणार नाही. दोन्ही बाजूंनी मरण. एवढे लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवण्यावर विसंबलो नाही. माझ्या वहीत मी मराठीत लिहिले, 'सदर गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना एक दिवसही बंद करू नयेत,' आणि त्याखाली त्यांची सही घेतली. ती वही आजही माझ्याजवळ आहे. मला माहीत नव्हते असा बचाव मला कोणत्याही न्यायालयात घेता आला नसता.

गोळ्यांनी गुण दिला. महिन्याभरात पायांची सूज उतरली, लघवी स्वच्छ झाली, सांधे वळू लागले. पण त्या गोळ्यांनी चेहरा पुन्हा गोल झाला, आता सुजेने नव्हे तर औषधाने, आणि भूक लागू लागली. दुष्काळात भूक वाढवणारे औषध. ती भाकरी खाऊन उठे आणि तासाभरात पुन्हा तव्याकडे बघे. आई तिच्या ताटाकडे बघे. कामावर जाणे डॉक्टरांनी बंद केले होते, तरी पाण्याला गेली की बाया विचारत की आता कोणत्या साहेबाला कागद लिहिला. तिने आरशाला फडके बांधून ठेवले. एकदा ती मला म्हणाली, "मी मेले तर लोक म्हनतील खाऊन मेली."

पुण्याहून आणलेल्या गोळ्या संपत आल्या तेव्हा मी नगरच्या एका दुकानातून त्याच नावाची बाटली आणली. या गोळ्या आकाराने थोड्या मोठ्या होत्या. पुण्याच्या गोळीवर मधोमध रेघ होती, हिच्यावर नव्हती. लेबलावरचा क्रमांक पुसट होता, तारखेचा एक आकडा वाचता येत नव्हता. माझ्या दृष्टीने एवढे पुरेसे होते. मिलोच्या बाबतीत मी हरलो होतो. इथे मला आरोपी दिसला, लेबलासकट, आणि बनावट औषध विकणाऱ्याला तुरुंगात पाठवण्याइतका पुरावा हातात होता.

बाजारच्या दिवशी मी कचेरीच्या ओसरीवर पंचनामा केला. स्टॅम्पव्हेंडर आणि कचेरीतला एक शिपाई असे दोन पंच. बाटलीतल्या गोळ्यांचे दोन भाग केले. एक भाग पाकिटात घालून, सुतळी बांधून, लाख ओतून नगरच्या औषध निरीक्षकाच्या कार्यालयाला पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने पाठवला. दुसरा भाग तसाच सील करून मुद्देमाल म्हणून माझ्या पिशवीत ठेवला. पुण्याच्या शेवटच्या दोन गोळ्या तिने त्या सकाळी घेतल्या होत्या. पुण्याची पुढची भेट बारा दिवसांवर होती. निरीक्षकाचे उत्तर त्याआधी येईल असे मी गृहीत धरले. दुसरी बाटली का आणली नाही, याचे उत्तर माझ्याजवळ होते: एक बाटली संशयित असताना त्याच बाजारातल्या दुसरीवर विश्वास कोणत्या आधाराने ठेवायचा? युक्तिवाद म्हणून तो आजही निर्दोष आहे. पुण्याची एसटी रोज सकाळी सुटत होती, याचा त्यात उल्लेख नाही.

त्या गोळ्या खऱ्या होत्या. तपासणीचा तसा अहवाल पुढे काही महिन्यांनी आला. मी तो इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत त्या आशेवर ठेवल्याचा ठपका माझ्यावर येणार नाही.

पहिले तीन दिवस ती आनंदात होती. हे लिहिणे मला जड जाते म्हणून ते लिहिणे भाग आहे. भूक कमी झाली. गोळ्यांना सुटी लागली, आता तोंड माणसासारखे होईल, असे ती म्हणाली आणि आरशाचे फडके सोडले. चौथ्या दिवशी सांधे धरले. पाचव्या दिवशी ताप आणि उलट्या. तिला उभे केले की डोळ्यांपुढे अंधारी येई. सहाव्या दिवशी मी कचेरीतून आलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि माझी पिशवी तिच्या मांडीवर होती. तिने पाकीट बाहेर काढले होते. फोडले नव्हते.

"त्यातल्या दोन द्या की मला," ती म्हणाली.

मी म्हणालो की सील फोडले तर पुरावा जातो.

"न्हाई फोडता येत?"

"नाही."

तिने पाकीट परत पिशवीत घातले, सुतळी नीट वर आली आहे ना ते बघून. तिच्या नखांत तेवढे बळ होते, लाख कोवळी होती, घरात दुसरे कोणी नव्हते. आठ वर्षे संसार करून माझ्या कागदाला हात लावायचा नाही एवढे तिला शिकवून झाले होते. शिकवणारा मी होतो.

आईने त्या दिवशी प्रथमच मला विचारले की गोळी का देत नाही. मी तिला प्रकरण समजावून सांगितले. आईला कायदा कळत नसे. ती गप्प राहिली, आणि तिच्या गप्प राहण्याला मी संमती मानले. आठव्या दिवशी लघवी वाटीभरही झाली नाही. नवव्या दिवशी सकाळी मी तिला एसटीने नगरला नेले. वाटेत तिला उलटी आली म्हणून कंडक्टरने गाडी थांबवली, आणि गाडीतला एक म्हातारा उतरून तिच्यासाठी ओंजळीत पाणी घेऊन आला. त्या भागात तेव्हा पाणी कोणी अनोळखी माणसाला देत नसे.

दवाखान्यात तोच तरुण डॉक्टर होता. त्याने नाडी धरली, रक्तदाब घेतला, आणि शेवटची गोळी कधी दिली ते विचारले. मी सांगितले. त्याने पुन्हा विचारले, कारण ऐकण्यात चूक झाली असे त्याला वाटले. मग मी पिशवीतून पाकीट काढले आणि पंचनाम्याची प्रत त्यावर ठेवली. पाकीट मी नगरला आणले होते ते तिच्यासाठी नव्हे. तिला दाखल केल्यावर मी औषध निरीक्षकाकडे जाणार होतो.

"फोडा ते," तो म्हणाला.

मी म्हणालो की आपल्यासमक्ष सील फोडल्याची दोन ओळींची नोंद आपण सहीनिशी द्यावी.

त्याने दिली. ती खाटेवर धापा टाकत होती, परिचारिका सुई भरत होती, आणि त्याने माझ्या कागदावर दोन ओळी लिहून सही केली, कारण मी त्याशिवाय पाकीट सोडणार नाही हे त्याला दिसले. मग त्याने ब्लेडने सुतळी कापली, गोळ्या खाटेवर ओतल्या आणि दोन तिच्या जिभेवर ठेवल्या. त्या तिने ओकून टाकल्या. इंजेक्शने दिली गेली. पेशी पुन्हा झोपल्या असतील. तोवर मूत्रपिंडांत गाळणारे काही उरले नव्हते. रक्त शुद्ध करण्याचे यंत्र मुंबईत होते, आणि तिथे नेण्याचा प्रवास तिला सोसणार नव्हता.

ती आणखी चार दिवस होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी औषध निरीक्षकाच्या कार्यालयात गेलो. लिपिकाने नोंदवही उघडून माझे पार्सल मिळाल्याचे दाखवले. तपासणीला वेळ लागेल, रांग आहे, असे तो म्हणाला. तो सभ्यपणे बोलला. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मी परत आलो तेव्हा तिचे डोळे उघडे होते. ओठ फुटले होते, श्वासाला मुताचा वास येत होता.

"काय म्हनले?" तिने विचारले.

"प्रकरण विचाराधीन आहे."

"मी पन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी बाहेर, व्हरांड्यात, दुकानदाराविरुद्ध दुसरा अर्ज लिहीत होतो.

रोगाचा तपशील मी इतका बारकाईने लिहिला, त्यावरून काहींना एक साम्य सुचते. स्वतःचे म्हणून जे राखायचे तेच परके ठरवून जाळणाऱ्या पेशी, आणि मी. हे साम्य एका शिक्षकाने माझ्या तोंडावर मला सुचवले होते, दिलासा म्हणून. मी ते तेव्हाही नाकारले आणि आजही नाकारतो. पेशीला वाचता येत नव्हते. मला येत होते. माझ्या वहीत सही होती.

ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने मूत्रपिंडे निकामी झाल्याने मृत्यू, असे कारण लिहिले. मी दाखला घेण्यास नकार दिला. तिथेच बसून अर्ज लिहिला, की सदर नोंद अपूर्ण असून, मृत स्त्रीच्या पतीने लेखी ताकीद असताना नऊ दिवस औषध रोखून धरले हे मृत्यूचे निकट कारण म्हणून नमूद करण्यात यावे आणि पुढील कारवाईसाठी पोलिसांना कळवण्यात यावे. बाहेर आई आणि गावाकडून आलेले चौघे प्रेतासाठी थांबले होते. उन्हे चढत होती.

डॉक्टरने अर्ज वाचला. तो वाचताना पहिल्यांदा बसला.

"तिच्या पेशींनी केलं हे," तो म्हणाला. "तुम्ही फक्त त्यांना मोकळं सोडलंत."

मी म्हणालो की 'फक्त' या शब्दाला माझा आक्षेप आहे.

"तुमची आई बाहेर उन्हात बसली आहे."

मी म्हणालो की त्याचा या अर्जाशी संबंध नाही.

त्याने माझा अर्ज घडी करून माझ्यासमोर सरकवला. त्याच्या आवाजात राग होता आणि तो त्याने लपवला नाही. "तुम्हाला नक्की काय हवंय? शिक्षा की आणखी एक कागद?"

उत्तर खरे द्यायचे होते.

"कागद," मी म्हणालो.